दार लोटून वीस मिनिटं

पत्र : वय ३६. दिवसभर खुर्चीत बसून काम. दोन जिने चढले की धाप लागते. जिममध्ये जायची लाज वाटते आणि त्यासाठी वेगळे पैसेही काढता येत नाहीत. घरी व्हिडिओ लावून तीनदा सुरुवात केली. दोनदा मांड्या इतक्या भरून आल्या की सोडून दिलं, तिसऱ्यांदा नुसताच कंटाळा आला. घरात माणसं असतात, कुणी डोकावलं की मी थांबते. उड्या मारल्या की खालच्यांना आवाज जातो. बसता-उठताना गुडघे कटकट वाजतात. एकही जोर निघत नाही. मी मुळात आळशीच आहे, तरी सांगा, डंबेल, मॅट, काय काय घ्यावं लागेल? — दाराआडची

उत्तर : 'आळशी' हा शब्द आधी खोडून टाका. तीनदा सुरुवात करणारं माणूस आळशी नसतं. तिन्ही वेळा तुम्ही दुसऱ्याच्या वेगाने, दुसऱ्याच्या पायरीवरून सुरुवात केलीत. व्हिडिओतल्या बाईला तुमच्या मांड्यांत किती ताकद आहे हे ठाऊक नसतं. ती चाळीस सेकंद उड्या मारते, म्हणून तुम्हीही मारता. तिसऱ्या दिवशी तुम्हाला जिना उतरता येत नाही आणि तिथेच प्रकरण संपतं. कंटाळ्याचंही तसंच. रोज तेच, रोज तेवढंच, आणि कालच्यापेक्षा आज काय वाढलं हे कळायला काही मार्ग नाही, मग कंटाळा येणारच. म्हणून तुम्हाला सगळ्यात आधी लागणारी वस्तू डंबेल नसून वही आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

सुरुवातीलाच एक खबरदारी. चालताना किंवा चढताना छातीत दाब जाणवत असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे वाजण्याची मात्र फार काळजी नको. दुखत नसेल आणि सूज नसेल तर नुसत्या आवाजाने काही बिघडत नाही. गुडघा अडकतो, अचानक दगा देतो किंवा सुजतो, असं असेल तर दाखवून घ्या.

आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं. एवढंच. त्यात पाच प्रकारच्या हालचाली याव्यात : बसून उठणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकणं आणि धड स्थिर धरणं. घरी व्यायाम करणाऱ्यांचं यातलं तिसरं जवळजवळ नेहमी राहून जातं, म्हणून त्यावर आम्ही जास्त लिहिणार आहोत. उडी यात एकही नाही, तेव्हा खालच्यांचा प्रश्न मिटला.

बैठकीसाठी खुर्ची घ्या, पण चाकांची नको. ती भिंतीला टेकवा. सीटवर एक जाड उशी ठेवा म्हणजे उंची थोडी वाढेल. पाय खांद्यांइतके लांब, बोटं जराशी बाहेर. तीन सेकंद मोजत खाली या, उशीला नुसता स्पर्श करा, धपकन बसू नका, आणि उठा. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला तर जाऊ द्या, त्यात पाप नाही. लक्ष ठेवायचं ते दोन्ही गुडघे एकमेकांकडे आत वळतायत का यावर. उठताना ते आत येत असतील तर उंची अजून जास्त हवी आहे असं समजा. बारा-बारा बैठका सहज निघू लागल्या की उशी काढा, मग खुर्चीच काढा, मग पाठीवर सॅक चढवा.

आता जोर. एकही निघत नाही म्हणता, तर जमिनीवर जाऊच नका. पूर्ण जोर काढताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४० किलो. गुडघे टेकवून काढला तर तो वजनाच्या निम्म्यावर येतो. हात ६० सेंटीमीटर उंचीवर टेकवून सगळं अंग सरळ ठेवलं तर वजनाच्या साधारण ४० टक्क्यांवर. गुडघ्यावरच्या जोरात दोन अडचणी आहेत. एक, त्यातून पूर्ण जोरावर जाताना मधली पायरीच नाही. दोन, कंबर आणि मांड्या सरळ धरायची सवय लागत नाही, आणि पहिला पूर्ण जोर बऱ्याचदा नेमका तिथेच अडतो. म्हणून उंची कमी करत जाणं बरं. आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग भिंतीला टेकवलेली खुर्ची. घराच्या आत जिना असेल तर सोनंच. पायरी साधारण १५ ते १८ सेंटीमीटरची असते, म्हणजे दर काही आठवड्यांनी हात एक पायरी खाली आणायचा.

भिंतीवर कसा काढायचा ते नीट सांगतो, कारण चुका इथेच पक्क्या होतात. भिंतीपासून दोन पावलं मागे उभ्या राहा. तळवे छातीच्या उंचीवर, खांद्यांपेक्षा चार बोटं बाहेर. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं, त्यासाठी नितंब आवळून धरा, बाकीचं आपोआप जुळतं. कोपरं आडवी पसरू देऊ नका, वरून पाहिलं तर अंगाचा आणि हातांचा मिळून बाणाच्या टोकासारखा आकार दिसावा. तीन सेकंदांत छाती भिंतीजवळ न्या, एक सेकंद थांबा, ढकला. छातीच्या आधी हनुवटी किंवा नाक भिंतीला पोचत असेल तर तुम्ही मान पुढे काढताय, जोर काढत नाही आहात. आणि अर्ध्यातून परतलेला जोर मोजायचा नाही. वहीत खोटं लिहिलं तर पुढच्या महिन्यात त्याच वहीवर तुमचाच विश्वास राहणार नाही.

ओढण्याचं घरात अवघड असतं, कारण ओढायला काही नसतं. भिंत ढकलता येते, ओढता येत नाही. टेबलाखाली झोपून कड धरून वर ओढायचा प्रकार व्हिडिओत दिसतो, तो तुम्ही करू नका. हलकं टेबल उलटतं, ते थेट चेहऱ्यावर. दाराच्या मुठीला टॉवेल बांधून लटकणंही नको, मुठीचे स्क्रू त्यासाठी बसवलेले नसतात. त्यापेक्षा पाठीवरची जुनी सॅक घ्या. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे वजन मोजायला काटा लागत नाही. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या घातल्या की चार किलो झाले. उरलेल्या जागेत जुने कपडे कोंबा, नाहीतर बाटल्या आत घरंगळतात आणि मनगट पिरगळतं. वरच्या मुठीची शिवण आधी हाताने ओढून बघा.

डावा हात खुर्चीवर टेकवा, कमरेतून वाका, पाठ सपाट. उजव्या हातात सॅक लोंबती ठेवा. आता हाताने उचलायचं नाही, कोपर मागे न्यायचं, पँटच्या खिशाच्या दिशेने. सॅक छातीकडे न येता कमरेकडे आली पाहिजे. वर एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत सोडा. नंतर मान आखडली तर समजा की खांदा कानाकडे उचलला जातोय, तेव्हा एक बाटली काढा. वजन अर्ध्या-अर्ध्या लिटरने वाढवा. सॅक नसेल त्या दिवशी टॉवेल : जमिनीवर पाय पसरून बसा, टॉवेल तळपायांमागून घ्या, दोन्ही टोकं कमरेकडे ओढा आणि पायांनी उलट ढकला. दहा सेकंद, पाच वेळा. या वेळी आकडे मोठ्याने मोजा. मोजताना श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास कोंडून ताकद लावली की रक्तदाब एकदम चढतो.

कमरेतून वाकण्यासाठी सुरुवातीला पूल करा. उताण्या पडा, गुडघे दुमडा, टाचा नितंबांपासून वीतभर अंतरावर. टाचांनी जमीन दाबत कंबर उचला, वर दोन सेकंद. मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा जवळ घ्या. पाठीत कळ आली तर तुम्ही गरजेपेक्षा वर जाताय, बरगड्या खाली ठेवा. तीन-चार आठवड्यांनी एका पायावर. शेवटी धड : उताण्या पडलेल्या झुरळासारखं हातपाय वर धरायचे, मग उजवा हात आणि डावा पाय एकदम हळूहळू जमिनीकडे न्यायचे, परत आणायचे, मग दुसरी जोडी. पाठीचा खालचा भाग जमिनीवरून सुटला की तिथून परत फिरायचं. बस. पोटावरची चरबी मात्र पोटाच्या व्यायामाने तिथल्या तिथे जात नाही, कुणीही काहीही सांगो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे सहा-सहाचे दोन सेट. हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल, वाटू द्या. तुमच्या मांड्या भरून आल्या त्याचं कारण असं की नवखा स्नायू भार झेलत लांब होतो, म्हणजे बसताना, उडीवरून खाली येताना, जिना उतरताना, तेव्हा त्याला बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी असतं, पण तुम्ही दोन्ही वेळा त्या दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलाच नाहीत. थोडं अंग आंबलं असेल तर ठरलेल्या दिवशी व्यायाम करा, नेहमीपेक्षा एक सेट कमी. स्नायू खूप सुजले, हातपाय हलेनात आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर ते साधं अंग आंबणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसऱ्या आठवड्यात आठ-आठ, तिसऱ्यापासून तीन सेट. दोन सेटमध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती, फोन न उघडता. प्रत्येक सेट अशा जागी थांबवायचा की अजून दोन निघाले असते. तिन्ही सेटमध्ये बारा निघाले आणि तरी दोन शिल्लक वाटले, की पुढची अवघड पायरी घ्यायची आणि पुन्हा आठवर यायचं. आठवर परत येणं म्हणजे मागे जाणं वाटतं, म्हणून पुष्कळ जण सोपी पायरी सोडत नाहीत, त्याचेच तीस-तीस काढत बसतात आणि मग कंटाळतात.

वहीचं पान असं दिसावं :

*सोमवार. ओटा-जोर १०, ९, ७. शेवटचे दोन कंबर खचली. सॅक ४ लिटर, उजवा १०, डावा ८. बैठका उशीशिवाय ८, ८, ८.*

एका दिवसाला चार ओळींपेक्षा जास्त नाही. वजन, कंबर, काय खाल्लं, मूड कसा होता, यातलं काही लिहू नका. पहिल्या महिना-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती बहुतेक मज्जासंस्थेमुळे, असलेला स्नायू जास्त नीट वापरला जातो. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात आरसा काही सांगत नाही, वजनकाटा तर कधीकधी उलटंच सांगतो. आकडा मात्र हलत असतो. आठवड्यापूर्वी सात आणि आज नऊ, एवढ्यावर माणूस पुढचा आठवडा काढतं.

तरीही कंटाळा आलाच तर आठवड्यातला एक दिवस, तीनपैकी एकच, पत्त्यांवर सोपवा. इस्पिक म्हणजे बैठका, बदाम म्हणजे जोर, चौकट म्हणजे सॅक ओढणं, किलवर म्हणजे पूल. पत्त्यावर जितका आकडा तितके काढायचे, गुलाम-राणी-राजाचे दहा, एक्का आला की त्या रंगाच्या हालचालीत मध्यावर वीस सेकंद थांबायचं. चौकटीचा आकडा दोन्ही हातांत वाटून घ्या. पूर्ण कॅट लावू नका. हिशेब करा : दोनपासून दहापर्यंत ५४, चित्रांचे ३०, म्हणजे एका रंगाचे ८४ आणि चौघांचे ३३६. त्याने तुमच्या मांड्या पुन्हा भरतील. बारा पत्त्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा. बाकीचे दोन दिवस ठरलेलंच, कारण दर वेळी नवं केलं तर तुलना कशाशी करणार?

संकोचाचं बघू. घरच्यांना एकदाच सांगून टाका, 'वीस मिनिटं दार लोटलेलं असेल.' कारण देऊ नका, परवानगी विचारू नका. चार-पाच दिवस कुणीतरी टोमणा मारेल, मग त्यांनाही नवल उरत नाही. वेळ अंघोळीच्या अलीकडची धरा : घाम आला तर लगेच अंघोळ, कपडे बदलायचा वेगळा खटाटोप नाही, आणि अंघोळ काही कुणी विसरत नाही. कुणी आत आलंच तर सेट पूर्ण करा, मग बोला. थांबलात की थांबायची सवय लागते.

एकटं करण्यात एकच तोटा असतो, चूक दाखवायला कुणी नसतं. तिथे आरशापेक्षा फोन बरा, कारण आरशात बघायला मान वळवली की अंगाची रेष मोडते. फोन स्टुलावर बाटलीला टेकवून कमरेच्या उंचीवर, बाजूने ठेवा आणि फक्त शेवटचा सेट टिपा, कारण दमल्यावरच खरं दिसतं. बघून पुसून टाका. बघायचं ते एवढंच : जोर काढताना कंबर छातीच्या आधी खाली जातेय का, आणि सॅक ओढताना पाठ कमानीसारखी वाकलीय का. स्वतःचं पोट कसं दिसतंय हे बघण्यासाठी तो व्हिडिओ नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुष्कळजणी लाजेने सांगत नाहीत म्हणून आम्हीच लिहितो. उडी मारताना, शिंकताना थोडी लघवी होत असेल तर ते फार सर्रास आढळतं, विशेषतः बाळंतपणानंतर, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने ते बहुतेकींचं सुधारतं. त्या विषयाचे फिजिओथेरपिस्ट असतात. त्यासाठी व्यायाम सोडायची गरज नाही.

राहिला दम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आहे, आणि शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंचे व्यायाम. आधी एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत अशी अट होती, ती तेव्हापासून काढून टाकली. म्हणजे तुमचे दोन जिनेही धरा. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं पण गाता येत नाही, इतका श्वास लागला पाहिजे. बाहेर भरभर चालणं सगळ्यात स्वस्त. चारचौघांत नको वाटत असेल तर खोलीत जागच्या जागी चाला : गुडघा कमरेपर्यंत, पाय टेकवताना आधी चवडा मग टाच म्हणजे आवाज होत नाही, एक मिनिट चालून अर्धा मिनिट थांबायचं, आठ वेळा. बारा मिनिटं. दम न खाता ते जमलं की थांबणं पंधरा सेकंदांवर आणा.

मध्ये आजारपण, पाहुणे, कामाचा रेटा येणारच. आठवडा चुकला तर वहीतल्या शेवटच्या आकड्यातून प्रत्येक सेटचे दोन कमी करून सुरू करा. तीन आठवडे गेले तर एक पायरी सोपी घ्या आणि सेटही दोनच. भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही, मांड्यांचा किस्सा तुम्हाला पाठ आहे. आणि ज्या दिवशी अजिबात नको वाटेल त्या दिवशी जोरांचा एकच सेट काढून वहीत लिहा. तोही दिवस भरला.

आता खरेदी. डंबेल नकोत, दोन महिन्यांत हलके पडतात आणि कोपऱ्यात बसतात. पैसे सुटलेच तर पहिल्यांदा नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या, भरभर चालायचं असेल तर ती हवीच. दुसरी वस्तू म्हणजे रबरी पट्टा, लांब आणि हलक्या ताणाचा, कारण ओढण्याची उणीव तो चांगली भरून काढतो. जमिनीवर बसून तळपायांमागून घेऊन ओढता येतो, कुठे बांधावा लागत नाही. फक्त पायातून सटकला तर थेट तोंडावर येतो, म्हणून तळपायाला एक वेढा देऊन घ्या. उन्हात ठेवू नका, आणि दर वेळी ताणून बघा : बारीक चिरा दिसल्या तर तो टाकून द्या. मॅटवाचून अडत नाही. पूल आणि झुरळासाठी दुहेरी घडीची सतरंजी पुरते. गादी किंवा रजई मात्र नको, त्यात पाठ खचते आणि ती जमिनीला टेकलीय की सुटलीय हे कळतच नाही.